मधूची अट

मधू गेल्याचं मला एका जाहिरातीवरून कळलं. सकाळच्या भाकरी चालू होत्या. सूनबाई मोबाईल घेऊन आली आणि म्हणाली, "आई, मधूमामांचं हे काय आलंय बघा ना." चित्रात माझा धाकटा भाऊ होता, चष्म्याच्या काचेवर उजेड चमकलेला, फोटोला हार. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली मधूच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या, प्रवीणच्या, कंपनीचं चिन्ह, मधूच्या चेहऱ्यापेक्षा मोठं. आणि अगदी तळाशी 'पाणपाळी प्लसच्या चौकशीसाठी संपर्क', पुढे नंबर. माझ्या मुलानं, राजूनं, जळगावला फोन लावून खात्री करून घेतली. मधू आपल्या खोलीत झोपेतच गेला होता, दूधवाल्यानं दार वाजवलं तेव्हा समजलं. रडू नंतर आलं. आधी आली ती किळस.

आता काही आठवडे होऊन गेलेत. रविवारच्या पुरवणीत गेलेल्या माणसांवर लेख येतात, ते मी नेमानं वाचते. त्यांतला प्रत्येक जण हसतमुख असतो, सर्वांच्या मदतीला धावून जाणारा असतो आणि त्याच्या जाण्यानं कधी न भरणारी पोकळी होते. माझ्या भावाबद्दल असं कोणी लिहिलं तर तो तिरडीवरून उठून चूक काढेल. म्हणून आपणच लिहावं म्हटलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, चारचौघांत तोंड उघडायची मला लहानपणापासून धास्ती. पण कागद मधेच बोलत नाही, आणि मानही हलवत नाही.

आमचं माहेर धुळे जिल्ह्यातलं, पांझरेच्या काठचं. बंधाऱ्यावरून निघालेल्या पाटावर साऱ्या शेतांना पाणी मिळायचं, आणि ते कोणाला कधी सोडायचं हे पाटकरी बघायचा. आमचे आबा पाटकरी होते. पाटाचा एक रिवाज होता, कुठे लिहिलेला नव्हता, पण लेकराला विचारलं तरी सांगता यायचा. पाटातून कोणी आपल्या खर्चानं चारी, म्हणजे शेताकडे नेणारी लहान नाली, काढली तरी ती चारी पाटाचीच. तिचं तोंड अडवायचं नाही, खालच्या शेतकऱ्यानं मागितलं की पाणी पुढे सोडायचं. ज्याला कोणाला विचारायचं नसेल त्यानं स्वतःची विहीर खोदावी आणि तिला खुशाल कुलूप लावावं. एकदा गावातल्या एका मोठ्या असामीनं दगडी चारी बांधली, छान बांधली, आणि तिच्या तोंडाशी सागाची फळी बसवून किल्ली लावली. आबांनी भर दुपारी फळी उपटली, खांद्यावर टाकली आणि घरी आणली. तो असामी तणतणत आला तर आबा म्हणाले, "फळी मना घर ठेयेल शे. लई जाय, तिनी खाट करी ले." मधू तेव्हा चड्डीत होता. ओट्यावर बसून इतका हसला की त्याला उचकी लागली.

तोच मधू धुळ्याला शिकला, जळगावच्या एका कॉलेजात संगणक शिकवायला लागला, आणि साहेबांशी पटलं नाही म्हणून ती नोकरी सोडून खोलीत बसला. खोलीत बसून त्यानं 'पाणपाळी' नावाचा प्रोग्राम केला. उपसा सिंचनाच्या संस्था असतात, नदीवरून मोटारीनं पाणी उचलून शेतांना पुरवणाऱ्या. त्यांत पाण्याच्या पाळीवरून भांडणं होतात, डोकी फुटतात. पाणपाळी हिशेब करून सांगायची की आज कोण, उद्या कोण, वीज गेली तर पाळी कोणाची सरकली. आबा जे डोक्यात करायचे ते. आणि हे त्यानं फुकट ठेवलं, ओपन सोर्स. म्हणजे नुसतं फुकट नव्हे, आतलं सगळं लिखाण उघडं. कोणीही घ्यावं, आत बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं, विकावंसुद्धा. अट एकच. ते बदलून किंवा त्याच्या पोटात चालणारं काही जोडून दुसऱ्याला दिलंत, तर तेही आतल्या लिखाणासकट, याच अटीवर द्यायचं. भाऊबीजेला चोपड्याला माझ्या घरी आला तेव्हा ओवाळणीचं ताट बाजूला सरकवून हे मला सांगत बसला. "अक्का, पाटमाईन काढेल चारी पाटनीच. सोतानी हीर खोद, मंग लाव कुलूप." मी म्हटलं, हे तर आबांचं. तो म्हणाला, जगभर मोठमोठे लोक हेच इंग्रजीत पानंच्या पानं लिहितात, आपल्याकडे फळी उपटून काम भागायचं.

हसतमुख वगैरे तो नव्हता. हेकट होता. जेवायला बसला की भाकरी गार होईपर्यंत बोलायचा आणि मग भाकरी गार आहे म्हणायचा. त्याचं लग्न जमलं नाही तेही या अटीपायीच. शिरपूरकडची चांगली मुलगी होती, आम्ही बघायला गेलो, पोहे आले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" मधू म्हणाला, प्रोग्राम करतो. "केवढ्याला विकतो?" विकत नाही, देतो. वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली. "देतो म्हणजे? उधारीवर?" मग मधूनं त्यांना अट समजावून सांगायला घेतली... मी पदराआडून त्याला खुणा करत होते, तो पोटात जोडायच्या तुकड्यांपर्यंत पोहोचला होता. शेवटी ते गृहस्थ माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "देनारा जवाई चांगला शे, पन मनी पोर काय खाई?" परतीच्या एसटीत मधू म्हणाला, माणूस हुशार होता, प्रश्न बरोबर विचारला. मी त्याच्याशी चोपडा येईपर्यंत बोलले नाही.

आणि मग आला प्रवीण. कॉलेजातला त्याचा जुना विद्यार्थी, केस चापून बसवलेले, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. त्यानं पाणपाळीला जोडायचा एक तुकडा केला. मूळ प्रोग्रामला असा तुकडा जोडला की त्याला नवं काही करता येतं, त्याला प्लगिन म्हणतात. पाळी आली की शेतकऱ्याच्या मोबाईलवर निरोप जाणार आणि मोटार आपोआप चालू होणार, असं त्याचं 'पाणपाळी प्लस'. संस्थांना ते आवडलं. मधूलाही आवडलं. तो म्हणाला, झकास, आता आतलं लिखाण दे. प्रवीण म्हणाला, "सर, पाणपाळी तुमची, ती उघडीच आहे. प्लगिन माझं. मी घाम गाळलाय." त्यानं ते बंद करून ठेवलं, वर्षाचं भाडं लावलं, आणि भाडं थकलं की निरोप बंद, मोटार बंद.

यावरून त्यांचं वाजलं. राजू प्रवीणच्या बाजूचा. तो म्हणायचा, "मामा, मोटारीला स्टार्टर जोडतात तसं आहे ते. स्टार्टरवाल्यानं काय मोटारवाल्याला विचारायचं?" मधू म्हणायचा, स्टार्टर कोणत्याही मोटारीला लागतो. याचं प्लगिन पाणपाळीच्या पोटात बसून तिचाच हिशेब वापरतं, तिच्याबरोबर एक होऊन चालतं, तिच्याशिवाय श्वास घेत नाही. त्यानं वेगळा प्रोग्राम लिहावा, बाहेर उभं राहून पाणपाळीला नुसतं विचारावं की आज पाळी कोणाची, आणि निरोप धाडावा. मग ते त्याचं, मी ब्र काढणार नाही. किंवा घरात एकट्यापुरतं वापरावं, तरी माझं काही म्हणणं नाही. पण लोकांना देतो आणि आतलं लपवतो, हे चालायचं नाही. प्रवीणनं ऐकून घेतलं, पाया पडला आणि होतं तसंच ठेवलं. तेव्हापासून मधू त्याचं नाव घेत नसे, 'कुलूपवाला' म्हणायचा.

मी मधूला म्हटलं होतं, कोर्टात जा. तर म्हणे, "मी सांगं, त्यानी आयकं. आते त्यानं तो देखी." असला कसला मालक! आबांनी फळी उपटली होती, हा नुसता सांगून आला. मला त्याचा राग यायचा, अजून येतो. अट घालायची हौस आणि ती पाळून घ्यायचा कंटाळा. त्याच्या या भलेपणावर किती जणांनी शर्ट शिवून घेतले, आणि तो स्वतः दोन शर्टांवर राहिला.

शोकसभा प्रवीणनं घेतली, जळगावात, हॉल भाड्यानं घेऊन. मी शेवटच्या रांगेत बसले होते, तिथून मला उचलून स्टेजवर नेलं आणि शाल-श्रीफळ दिलं. सुतकातल्या बाईला शाल-श्रीफळ! कोणीतरी टाळ्याही वाजवल्या, मग लक्षात येऊन थांबले. प्रवीण माईकवर रडला. मधूसर माझे गुरू, माझे वडील, त्यांचा वारसा मी पुढे नेतोय, वगैरे. रडताना त्याचा एक डोळा फोटो काढणाऱ्याकडे होता. शिरपूरचे एक मास्तर आणि फैजपूरचे एक जण बोलले, या दोघांनी पाणपाळीत मधूबरोबर काम केलं होतं. ज्ञान वाटल्यानं वाढतं, असं मास्तर तीनदा म्हणाले. मला ते बरे वाटले, साधे वाटले. मी इतकी खुळी.

पुढच्याच आठवड्यात प्रवीण चोपड्याला आमच्या घरी आला, बरोबर एक वकीलबाई. राजूनं नवे कप काढले होते. तेव्हा मला राजूचं चाललेलं समजलं. प्रवीणनं त्याला चोपडा आणि यावल तालुक्यांची पाणपाळी प्लसची एजन्सी देऊ केली होती, दुकानाचा फलकसुद्धा रंगवून तयार होता. मोटारी दुरुस्त करून माझ्या मुलाचे हात काळे झालेत, त्याला एकदा खुर्चीवर बसून धंदा करायचा होता. त्यात वाईट काहीच नाही. आई म्हणून मलाही तेच हवं होतं.

वकीलबाई माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलत होत्या, बहिऱ्याशी बोलावं तसं. त्यांचं म्हणणं असं की पुण्याची एक मोठी कंपनी पाणपाळी प्लस विकत घेतेय. पण त्या कंपनीच्या लोकांनी मधूची अट वाचली आणि ते अडले. बंद प्लगिन या अटीत बसत नाही, एक तर ते उघडं करा नाहीतर मूळ मालकाकडून वेगळी परवानगी आणा. मालक गेला, बायकामुलं नाहीत, आईबाप नाहीत, तेव्हा हक्क बहिणीकडे. "मास्तरांनी आणि फैजपूरच्या सरांनी त्यांच्या वाट्याची परवानगी केव्हाच दिलीय," बाई म्हणाल्या. केव्हाच म्हणजे शोकसभेच्या आधी. ज्ञान वाटल्यानं वाढतं ते हे.

मग त्यांनी कागद पुढे केला आणि पर्समधून शाईचं पॅड काढून झाकण उघडलं. अंगठ्यासाठी.

मी म्हटलं, "मला सही येते."

"अरे वा!" प्रवीण म्हणाला आणि लगेच खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. पेन भारी होतं. मी ते कागदावर आडवं ठेवलं.

"येते. करायची नाही."

प्रवीणनं आपला हात माझ्या खांद्याकडे आणला आणि काय वाटलं कोण जाणे, परत घेतला. "अक्का, तुम्हाला यातलं कळत नाही. सरांचं नाव अमर होणार आहे. प्लगिन उघडल्याबरोबर वर 'मधूसरांना समर्पित' असं येईल."

"नसेल कळत. मधू नाही म्हणाला होता."

"मावशी, ते आता हयात नाहीत," वकीलबाई म्हणाल्या.

"म्हणून तर मला विचारताय."

राजू मधे पडला. "आई, हट्ट करू नको. हे लोक जळगावहून आलेत." जसं काही जळगाव काशीपलीकडे आहे. मी कप उचलले आणि आत गेले. आतून मला प्रवीणचा आवाज ऐकू येत होता, खालच्या पट्टीतला, "राजू, तू समजावून सांग. अडाणी बाई आहे, घाबरली असेल." मी घाबरलेच होते. पण ते काही सही करायचं कारण होत नाही.

ते गेल्यावर राजू ओट्यावर उभा राहून ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा. "मामा मेला! त्याची अट बी मेली! तू कोणासाठी धरून बसलीस?"

"अट मेली असती तर हे लोक आपल्याकडे चहा प्यायला आले असते का रे?"

"मामानं आपल्याला काय दिलं? प्रवीणभाऊ निदान काही देतोय."

मधूनं आम्हाला खरंच काही दिलं नव्हतं, जे होतं ते सगळ्यांना देऊन ठेवलं होतं. सूनबाई माझ्याशी बोलेना, राजू जेवायला दुकानातच डबा मागवू लागला. मी भाकरी थापताना रोज स्वतःशी वाद घालायचे. एका बाजूला माझा जिवंत मुलगा, दुसऱ्या बाजूला मेलेल्या भावाचं बोलणं. कागद राजूनं फडताळात ठेवला होता, माझ्या हाताला येईल असा. एकदा मी तो काढलाही. त्यात लिहिलं होतं की मी 'स्वखुशीनं' परवानगी देत आहे. तो शब्द वाचून मला हसू आलं आणि मी कागद होता तिथे ठेवला.

मग एके दिवशी दुपारीच राजू घरी आला. पाट ओढून बसला, पाणी प्यायला, आणि हसायला लागला. चांगलं हसू नव्हतं ते. माझी सही मिळत नाही म्हटल्यावर पुण्याच्या लोकांनी प्रवीणला सांगितलं होतं, हरकत नाही, प्लगिन पाणपाळीपासून सोडवून वेगळं चालतं करून दाखव, मग कोणाची परवानगी लागायची नाही. म्हणजे मधू म्हणत होता तेच, आपली विहीर खोद. त्यासाठी त्यांच्या मुलांनी ते उघडून पाहिलं. राजू त्या वेळी तिथेच बसलेला, नवे एजंट म्हणून प्रवीणनं चारपाच जणांना बोलावलं होतं. "आई, आतमध्ये सगळं मामाचंच निघालं. मोटारीचा हिशेब मामाचा, निरोपाची जोडणीही मामानंच आधी कधी अर्धी लिहून ठेवलेली, ती पूर्ण केलेली. मामाच्या ओळी काढल्या तर मागे राहिलं काय, तर कंपनीचं चिन्ह आणि पासवर्ड विचारणारा चौकोन."

म्हणजे कुलूप तेवढं त्याचं होतं.

"घाम गाळलाय म्हणत होता," मी म्हटलं.

"एसी होता गं त्याच्या हापिसात," राजू म्हणाला, आणि मग आम्ही दोघंही हसलो, सूनबाईसुद्धा दारात उभी राहून हसली. हसून झाल्यावर राजू म्हणाला, "माझी एजन्सी गेली." मी त्याला वाढलं. ती गेलीच. फलक त्यानं उलटा करून दुकानात पत्र्याला टेकवून ठेवलाय, मागच्या बाजूनं मोटारीचे नट मांडायला. मी त्याचं नुकसान केलं हे खरं आहे, आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं. पण त्या माणसाच्या हाताखाली तो बसला नाही याचं वाटत नाही.

पुण्याच्या लोकांनी सौदा सोडला. प्रवीण आता सांगत फिरतो की एका अडाणी बाईनं खानदेशाची प्रगती रोखली. ज्या संस्थांकडे पाणपाळी प्लस होतं त्यांचे निरोप त्यानं रागानं बंद केले, तर संस्थांचे लोक माझ्यावरच नाराज. एक चेअरमन राजूला बाजारात म्हणाले, "तुझ्या आईला सही करायला काय जड गेलं होतं?" यांच्यासाठीच मधूनं अट घातली होती. आतलं लिखाण मागायचा हक्क यांचाच होता, एकानं कधी मागितलं नाही, आणि मोटार बंद पडली की शिव्या द्यायला मी. पाट आबांच्या वेळीही असाच होता म्हणा. पाणी वेळेवर आलं तर देवाची कृपा, नाही आलं तर पाटकरी चोर.

मधूची खोली रिकामी करायला मी आणि राजू गेलो. भांडी, पुस्तकं, दोन शर्ट, आणि त्याचा मोबाईल. तो नंबर पाणपाळीवर लिहिलेला आहे, म्हणून तो वाजत राहतो. आधी मी तो नुसता वाजू द्यायचे. परक्या माणसाशी बोलायला मला जमत नाही. एकदा वाजता वाजता थांबेचना, तेव्हा उचलला. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याचा कोणी होता. त्यानं पाणपाळीला स्वतः काहीतरी जोडलं होतं, मोटार नव्हे, पाण्याबरोबर खत सोडायचा हिशेब.

"मधूसर शेतस का?"

"नाही. तो गेला. मी बहीण."

तो हळूच म्हणाला, "अक्का, एक इचारानं व्हतं. हाई इकाले परवानगी लागस का?"

मी भिंतीकडे तोंड करून बोलले, म्हणजे सूनबाईला दिसू नये. "नही लागस. इका. पन ज्याले इकशात त्याले आतलं बठ्ठं द्या. दपाडू नका."

"मंग इकत कोन लेई?"

"ते माले काय माहीत? धंदा तुम्हना शे."

तो हसला. म्हणाला, बरं अक्का, काही लपवत नाही, सगळं उघडं ठेवतो. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यानं ठेवलं की नाही हे मला बघताच येत नाही. संगणक उघडून मला काय दिसणार! मधूला बघता यायचं, तरी तो बघत नसे. तो फोन करायचा. चार दिवस जाऊ द्यायचा आणि फोन करून विचारायचा, "उघडं ठेवं का?" ठेवलं का, एवढंच. चार दिवसांनी परत. माझ्या घरी पाहुणा म्हणून आला तरी जेवणानंतर त्याचं हेच चालायचं, कोणा कोणाला, भांडण नाही, धमकी नाही, तेवढंच विचारून ठेवून द्यायचा. मला वाटायचं हा पाळून घ्यायचा कंटाळा करतो. प्रवीणलाही तो शेवटपर्यंत विचारत होता, हे मला त्याच्या मोबाईलवरूनच कळलं. केलेल्या फोनांत कुलूपवाल्याचं नाव खालपर्यंत होतं.

मी त्या सातपुड्याच्या माणसाला फोन लावला. आयुष्यात मी आपणहून परक्याला लावलेला पहिला फोन. घंटा वाजत असताना वाटलं, उचलू नये त्यानं... त्यानं उचलला.

"उघडं ठेवं का?"

"ऱ्हाई गयं, अक्का. ठेवस."

राहून गेलं म्हणे, आता ठेवतो. "बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. शनिवारी त्यांच्याकडे बाजार असतो, तो गावातच असेल. तेव्हा परत लावणार आहे.